ओल्या बादलीतला कागद

“बाई, काल तुमच्या बादलीत चोथा न्हवता,” हौसाबाई खालून म्हणाली.

मी वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत कठडा धरून उभी होते. दोरीच्या टोकाला हिरवी बादली हळूहळू खाली चालली होती. दोरी तळहाताला नेहमीपेक्षा जड लागत होती.

“कसला चोथा?”

“चहाचा. काल न्हाई, परवा बी न्हाई. चहा सोडलासा का काय?”

“उपास होता गं. श्रावण आहे ना.”

“तुम्ही? आन् उपास?” ती मास्कच्या आडून हसली, ते खांद्यांवरून कळलं. “सतरा वरसं झाली, एकादस कवा हाय ते मला इचारतासा. आन् उपासाला चहा बंद आसतोय व्हय? आमच्यात तर दुप्पट पित्यात.”

“म्हातारपणी सुचतं काहीबाही.”

“बरं हाय न्हवं?”

“बरं आहे की.”

तिनं बादली गाड्यातल्या पिंपात पालथी केली, तळ ठोकला आणि दोरीला दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे रिकामी झाली, ओढा. मी ओढली. अर्ध्यावर दम लागला म्हणून थांबले, आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून समोरच्या आंब्याकडे बघत राहिले. तोवर हौसाबाई मान वर करून उभी होती.

दोन हजार वीसचा तो श्रावण. मला ताप येऊन पाचवा दिवस होता आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मिरजेत ब्राह्मणपुरीच्या एका टोकाला आमची दुमजली इमारत. तळमजल्यावर औषधांचं कोठार होतं, ते मार्चपासून कुलूपबंद. शेजारचं बिऱ्हाड टाळेबंदी लागायच्या आदल्या दिवशी जतला गावी गेलं, ते आलंच नाही. म्हणजे अख्ख्या इमारतीत मी एकटी. लग्न केलं नाही, भाऊ गेलेला. नागपूरची भाची निशिगंधा दर रविवारी फोन करायची आणि औषधं घेतेस ना, एवढं विचारून ठेवायची. तिचंही बरोबर होतं, तिच्याकडे दोन लहान मुलं आणि घरातूनच नोकरी.

राहिली हौसाबाई. पंचावन्नची असेल, ठेंगणी, नऊवारीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवलेला. सकाळी सव्वासातला गल्लीच्या तोंडाशी तिच्या गाड्याचं चाक कुरकुरायचं. पूर्वी ती जिना चढून यायची, पायरीवर बसून माझ्या हातचा आलं घातलेला चहा प्यायची आणि मग बादल्या न्यायची. कोरोना आल्यावर तिनंच सांगितलं, “आता चहा नगं बाई, तोंड उघडाय नगं. तुम्ही दोरी सोडा.” तेव्हापासून हिरवी बादली ओल्या कचऱ्याची आणि निळी सुक्याची, अशा दोन्ही दोरीनं खाली जायच्या. वर येताना कधी निळीत कढीपत्त्याची डहाळी असायची, कधी तिच्या दारातल्या शेवग्याच्या शेंगा. दहा मिनिटं ती खालून बोलायची, मी वरून. दिवसभरात मी जेवढे शब्द उच्चारत असे, त्यातले बहुतेक त्या दहा मिनिटांत संपत.

उरलेला दिवस मग मी भांड्यांशी बोलायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. विषाणूंची प्रयोगशाळा. एक्याऐंशी साली आमच्या साहेबांनी एक काम काढलं होतं: घरातल्या कचऱ्यात पोलिओचा विषाणू किती दिवस जिवंत राहतो? मागच्या आवारात लोखंडी पिंपं पुरली होती. त्यांत भाजीची देठं, राख, कागद, चिंध्या, आणि मध्ये विषाणू लावलेले कापडाचे तुकडे. दर तिसऱ्या दिवशी मी हातमोजे घालून एकेक तुकडा काढायची आणि पेशींच्या बाटलीत त्याचं पाणी सोडायची. विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो जिवंत आहे हे कळतं कसं, तर बाटलीतल्या पेशी मरतात. पेशी टिकल्या तर तो संपला. कोरड्या कागदावर तो लवकर संपायचा. ओल्या, गार चिंधीत, सालींच्या खाली, आठवडे काढायचा. ढीग कुजून तापला की मग मात्र झपाट्यानं मरायचा. ते आकडे मला अजून तोंडपाठ आहेत.

मार्चमध्ये हौसाबाईनं खालून विचारलं होतं, “बाई, तुम्ही दवाखान्यातलं शिकलेल्या. ह्यो कोरोना कचऱ्यात किती दिस जगतोय?”

“कशावर आहे त्यावर असतं ते. पुठ्ठ्यावर एक दिवस. प्लास्टिकवर तीन दिवस धरून चाल.”

“तीन दिस! आन् मेल्यावर वास सुटतोय का?”

“नाही.”

“मग मेला ह्ये कळायचं कसं?”

“कळत नाही. दिवस मोजायचे.”

ती जरा विचार करत उभी राहिली. “म्हंजे सुका माल आणला की तीन दिस हात लावायचा न्हाई. टांगून ठिवायचा.”

“हो. कोरडा, उन्हात.”

“आन् ओला?”

“ओला कसा ठेवशील तू तीन दिवस? किडे पडतील. तो त्याच दिवशी खताच्या खड्ड्यात टाक. पण मी सांगते, ओल्यात कुणी रुमाल, मास्क असलं काही टाकू नका म्हणून तू गल्लीत प्रत्येकाला बजाव. ओल्यात तो जास्त टिकतो.”

तिनं बजावलं. गल्लीतल्या बावीस घरांना दारादारात उभं राहून बजावलं. आणि सुक्या मालासाठी एक पद्धत काढली. रेल्वे रुळांपलीकडे जुन्या चुन्याच्या भट्टीपाशी तिची पत्र्याची खोली होती, दारात शेवगा. रोजचा सुका माल पोत्यात भरून ती शेवग्याला टांगायची, आणि पोत्याच्या सुतळीला दर सकाळी एक गाठ मारायची. तीन गाठी झाल्या की पोतं खाली घ्यायचं, मगच निवडायला बसायचं. तिथल्या बाकीच्या बायकाही तसंच करायला लागल्या. मला हे सांगताना तिचा आवाज चढायचा. “बाईंनी सांगितलंय म्हटलं. बाईंनी पुण्यात मोजून बघितलंय.”

मला बरं वाटायचं. निवृत्तीनंतर माझं कुणी काही ऐकलं असं पहिल्यांदाच झालं होतं.

तर मला ताप आला तो शुक्रवारी. शनिवारी सकाळी पोह्यांच्या फोडणीत हिंग टाकला आणि काही आलंच नाही. डबी नाकाशी धरली. मग कापूर हुंगला, मग कपाटातली स्पिरिटची बाटली उघडून हुंगली. एकतीस वर्षं ज्या वासात काढली तो वाससुद्धा नव्हता. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले. तपासणीची गरज नव्हती.

फोन हातात घेतला होता. महापालिकेचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. तो लावला असता तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं, कारण मागच्या गल्लीत आठवड्यापूर्वीच झालं होतं. दाराला पत्रे ठोकले. त्या घराचा कचरा वेगळ्या गाडीतून, पांढऱ्या कपड्यातली माणसं पिवळ्या पिशवीत भरून न्यायची, न बोलता. आणि हौसाबाईला सफाईच्या मुकादमानं त्या दाराच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं.

चौदा दिवस. सव्वासातला चाक कुरकुरणार, आणि माझ्या दारापुढून तसंच पुढे जाणार.

मी नंबर लावला नाही. मनाशी म्हटलं, मी घरातच आहे, कुणाला शिवत नाही, दोरी तर वीस फुटांची. कुणाचं काय बिघडतंय?

पण कचरा होताच. खोकून भरलेल्या चिंध्या, तापाच्या गोळ्यांची पाकिटं. सुक्यात टाकलं असतं तर हौसाबाई तीन गाठींनंतर एकेक वस्तू हातात घेऊन निवडणार, गोळ्यांची पाकिटं तिला लगेच दिसली असती. घरात साठवलं असतं तर? साठवता आलं असतं. पिशवीत बांधून, तारीख घालून मोरीत ठेवता आलं असतं, आणि बरी झाल्यावर टाकता आलं असतं. तेच करायला हवं होतं. पण एकदम एवढ्या चिंध्या आणि पाकिटं कुठून आली, हा प्रश्न तेव्हा आला असता. तिचं लक्ष फार बारीक. म्हणून मी ते सगळं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलं, हिरव्या बादलीच्या तळाशी घातलं आणि वर दोडक्याच्या साली पसरल्या. ओला कचरा ती गाड्यात एकदम पालथा करते आणि खड्ड्यावर नेऊन ओतते, एवढंच मी बघितलं.

पाचव्या दिवशी तिनं चोथ्याचं विचारलं आणि मी घाबरले. चहा मला नकोसा झाला होता, कडू पाण्यासारखा लागायचा. त्या सकाळी मी मुद्दाम चहा टाकला. पत्ती घातली, उकळली, गाळली, चहा बेसिनमध्ये ओतून दिला. चोथा तेवढा वाटीत राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी हिरव्या बादलीत तळाशी कागदाची पुडी, तिच्यावर साली, आणि सगळ्यांत वर, दिसेल असा, चोथा.

बादली खाली गेली.

“आला बघ चोथा,” मी वरून म्हणाले. स्वतःचाच आवाज मला नाटकातल्यासारखा वाटला.

हौसाबाईनं बादलीत बघितलं. नेहमीसारखी पालथी केली आणि दोन हिसके दिले.

गुरुवारी चाक कुरकुरलं नाही. सव्वासातला हाक मात्र आली, “बाई!”

मी गॅलरीत गेले. ती नेहमीच्या जागेवरून बरीच मागे, समोरच्या आंब्याखाली उभी होती. तोंडाला पदर घट्ट गुंडाळलेला, त्यावर मास्क.

“बाई, बरं हाय न्हवं?”

“बरं आहे गं. थांब, बादली सोडते.”

“ऱ्हाऊ द्या. आज गाडा भरलाया.” ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “काई सांगायचं हाय का मला?”

“मला? काही नाही.”

“बगा. काई आसलं तर.”

“काही नाही म्हटलं ना.” मला खोकला येत होता तो मी दाबून धरला होता, म्हणून जरा तुटकच निघालं ते. “तूच आज अशी लांब का उभी?”

“आसंच,” ती म्हणाली. “ऊन खाली लागतंय.”

आभाळ भरून आलेलं होतं, ऊन कुठेच नव्हतं. ती वळली आणि गल्लीतून चालत गेली. मी बादली अर्धी खाली सोडली होती ती तशीच हवेत लोंबकळत राहिली.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी नाही. रविवारी निशिगंधाचा फोन आला, तिला मी बरी आहे म्हणून सांगितलं. सोमवारी भोंग्यावर गाणं वाजवत महापालिकेची घंटागाडी आमच्या गल्लीत पहिल्यांदा शिरली, पण मी बादली सोडली नाही; कचरा पिशवीत बांधून मोरीत ठेवायला लागले.

माझा ताप त्या आठवड्यात उतरला. अंग हलकं झालं, पायांत त्राण आलं, वास मात्र नव्हता. पण मला स्वतःचं काही पडलं नव्हतं. रोज सहाला उठून मी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. डोक्यात एकच हिशोब चालायचा. शनिवारी पहिली पुडी गेली. तिथून दोन दिवस, पाच दिवस, चौदा दिवस. त्या पत्र्याच्या खोलीत कोण बघत असेल तिला? तिला नवरा नाही, मुलगी इचलकरंजीला दिलेली.

शेवटी मुकादमाला फोन केला.

“हौसाबाई व्हय? ती गावाला गेली की, मावशी,” तो म्हणाला. “म्हैसाळला, भावाकडं. सांगून गेली. तुमच्या गल्लीला आता घंटागाडी चालू क्येलीया, काळजी करू नगा.”

मी फोन ठेवला. हौसाबाईला भाऊच नव्हता. पाच बहिणी, त्यातली ती चौथी. पाठीवर भाऊ यावा या हौसेनं ठेवलेलं नाव, असं तीच हसून सांगायची.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. ताप आल्यापासून सतरा दिवस पुरे मोजले, कारण निदान आता तरी मोजायला हवं होतं. अठराव्या दिवशी सकाळी दोन मास्क लावले, काठी घेतली आणि जिना उतरले. पाच महिन्यांत पहिल्यांदा रस्त्यावर आले होते. स्टेशनच्या बाजूनं, रुळांवरच्या पुलावरून, दर दहा पावलांवर थांबत चुन्याची भट्टी गाठायला मला तास लागला.

शेवगा लांबून दिसला. फांदीला दोनच पोती लोंबत होती. खोलीपुढे दोन काठ्या रोवून मध्ये सुतळी ताणली होती आणि तिला लाल चिंधी बांधली होती. सुतळीपलीकडे, उंबऱ्यात, हौसाबाई लसूण सोलत बसली होती.

मी भट्टीच्या पडक्या भिंतीला टेकले.

“तितंच थांबा बाई,” ती न उठता म्हणाली. “पुढं येऊ नगासा.”

“हौसाबाई, तुला ताप आहे का? श्वास लागतो का?”

“मला काई झालं न्हाई.”

“मग अशी का बसलीस?”

तिनं हात वर करून दाराच्या कडीकडे दाखवलं. कडीला सुतळी बांधलेली होती, तिला गाठी होत्या. मी नकळत मोजल्या. अकरा.

“अजून तीन ऱ्हायल्यात,” ती म्हणाली. “चौदा दिस बसायचं आसतं न्हवं? बाकीच्या घरास्नी लागाय नगं माज्यामुळं. बावीस घरं हाईत.”

ती पुढे बोलली, लसणाकडे बघत, पाकळी पाकळी ताटलीत टाकत.

“त्या बुधवारी खड्ड्यावर वतलं तुमचं. चोथा वरच पडला. बघितला तर त्यात आलं न्हाई. आलं न्हाई म्हंजे ह्यो चहा बाईंनी पियाला क्येला न्हाई. मग क्येला कशाला? म्हणून हात घाटला. सालीच्या खाली कागुद.” ती थांबली. “बाई, सतरा वरसात तुमच्या ओल्या बादलीत मला एक कागुद घावला न्हाई. दोरा घावला न्हाई. सगळ्या गल्लीला मी तुमची बादली दाखवत हुती. त्यात कागुद बघितला तवाच म्हटलं, बाईंनी लपवलंय काईतरी. उघडला. उघडल्यावर कळलं. पर हात भरल्यालं हुतं.”

“साबण—”

“धुतलं की. राखंनं, साबणानं, समद्यानं. पर तुम्हीच म्हणालासा, दिसत न्हाई, वास येत न्हाई. दिस मोजायचं.”

“मग तू मला विचारलं का नाहीस?”

हौसाबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“इचारलं की,” ती म्हणाली. “रोज इचारलं. आन् गुरुवारी तर निस्तं इचारायलाच आले हुते. गाडा न्हवता माज्याकडं. तुमच्या ध्यानात आलं न्हाई.”

खरंच आलं नव्हतं. गाडा भरलाय म्हणाली तेव्हा गाडा कुठे आहे हे मी बघितलंच नव्हतं.

“मुकादमाला का नाही सांगितलंस माझं नाव?”

“तुमास्नी उचलून न्हेलं आसतं. एकटं मानूस, तिकडं कोण पाणी द्यायला?” ती उठली, लसणाच्या साली सुपात गोळा करायला लागली. “म्हणून म्हैसाळला गेले म्हणून सांगितलं.”

एका गाडीचा भोंगा स्टेशनकडून ऐकू आला. मालगाडी असावी, डबे बराच वेळ खडखडत गेले. मग मी म्हणाले, आणि म्हणताना मला ते फार लहान मुलासारखं वाटलं, “सांगितलं असतं तर तुला माझ्या दारी येऊ दिलं नसतं गं. चौदा दिवस. मला... तू येणार नाहीस अशी भीती वाटली.”

“कचऱ्याला आले नसते,” हौसाबाई म्हणाली. “गल्लीत हुबं ऱ्हायाला कोण आडवतंय? आंब्याखाली हुबं ऱ्हाऊन बोलले आसते की रोज. बोलाय बादली लागती व्हय, बाई?”

मी भिंतीचा आधार सोडला नाही.

“बसा आता,” ती म्हणाली, “तुमचं तोंड पांढरं पडलंय. त्या दगडावर बसा. पाणी दिलं आसतं, पर माज्या हातचं आता नगं तुमास्नी. अजून तीन गाठी हाईत.”

मी दगडावर बसले. तिनं विचारलं, गोळ्या कोणत्या घेतल्या, जेवण जातं का. मी सांगितलं. आम्ही पंधरा-वीस मिनिटं बोललो असू. तिच्या बोलण्यात रागाचा टिपूस नव्हता, आणि तेच मला पेलत नव्हतं. निघताना मी विचारलं, “मग येशील ना सोमवारपासून?”

तिनं सूप उंबऱ्याला टेकवलं.

“तुमच्या गल्लीला गाडी लागलीया आता. मी मुकादमाकडनं फोनवर बाजाराकडची गल्ली मागून घेतली.”

“रागावलीस.”

“राग न्हाई वो. तुमच्यावर कशाला रागवू?” ती हाताच्या पंजाकडे बघत होती. “पर तुमच्या बादलीत आता हात घालवंना.”

मी घरी आले. कशी आले ते आठवत नाही.

पुढे काही महिन्यांनी अभ्यास प्रसिद्ध झाले. वस्तूंना हात लावून हा आजार फारच क्वचित पसरतो, बहुतेक हवेतूनच, असं त्यांत निघालं. निशिगंधानं मला ते फोनवर वाचून दाखवलं, कारण मी तिला तोवर सगळं सांगितलं होतं. “म्हणजे बघ आत्या, तिला तुझ्यामुळे होणारच नव्हतं,” ती म्हणाली. मी हो म्हटलं. पण तो बुधवार आला तेव्हा हे हौसाबाईला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं. मला जे माहीत होतं ते पिंपांमध्ये हात घालून मी स्वतः शोधलं होतं. ओलं, गार, सालीच्या खाली. नेमकी तीच जागा मी तिच्या हातासाठी निवडली होती.

एक गोष्ट राहिली.

मी चुन्याच्या भट्टीवरून आले त्यानंतर आठवड्याभरानं मुकादम मोटरसायकलवरून आला आणि खालच्या फाटकाला काहीतरी अडकवून, वर बघून हात करून गेला. मी खाली उतरले. कापडी पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या. लांब, एकसारख्या कापलेल्या. जराशा सुकलेल्या. पिशवीचं तोंड सुतळीनं आवळलेलं होतं आणि सुतळीला तीन गाठी होत्या.

मी तिथेच पायरीवर बसले. तिच्या चौदा गाठी पुऱ्या झालेल्या होत्या. तिला काही झालेलं नव्हतं. तरीही शेंगा तोडून तिनं आधी तीन दिवस टांगून ठेवल्या होत्या, मग पाठवल्या होत्या.

त्या दिवशी मी शेंगांची आमटी केली. हिंग, जिरं, गूळ, आमसूल, सगळं घातलं. पातेल्यावर वाकून बघितलं. वाफ चेहऱ्याला लागली, वास आला नाही. एकटी बसून सगळ्या शेंगा चोखून खाल्ल्या, चोथे हिरव्या बादलीत टाकले. त्यात दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली भोंग्याचं गाणं वाजलं. सवयीनं मी गॅलरीत गेले, बादलीला दोरी लावली आणि खाली सोडायला लागले. गाडीवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“आजी, वरनं सोडू नका,” तो ओरडला. “इथं थांबायला वेळ नसतो. खाली आणून टाकायचं.”

मी बादली वर ओढून घेतली, दोरी सोडवली आणि जिना उतरायला लागले.